अंगावर वाळत घातलेला कोट

नाही नाही, कोट काढा म्हणून आग्रह करू नका, मी कोट काढणार नाही! केव्हाचे बघताय तुम्ही सगळे, मला काय कळत नाही? एवढा थोराड बाप्या, आणि अंगावर काय, तर डाळिंबी रंगाचा, कमरेत बारीक, खिशांवर फुलं काढलेला बायकी कोट! बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन दमल्यात, एक बटण लागत नाही, आणि हा माणूस पार्सल ऑफिसच्या बाकावर दोन्ही हात पसरून बसलाय… ह्याला वेड लागलंय का? नाही लागलं. लागलं असतं तर बरं झालं असतं, वेड्यांना म्हणे थंडी वाजत नाही. तुम्हाला सांगतो, हा कोट मी घातलेला नाहीये. हा कोट मी वाळत घातलाय.

हो, अंगावर! दोरीवर नाही, दांडीवर नाही, माझ्या अंगावर! त्या खिडकीतल्या साहेबांना विचारा. सकाळी खिडकी उघडल्या उघडल्या पहिला नंबर माझा. कोट नीट घडी करून पुढे सरकवला, तर त्यांनी कॉलर दोन बोटांत अशी उचलली, जशी मेलेल्या उंदराची शेपटी. म्हणाले, “ओला आहे. ओला माल घेत नाही. शेजारच्या पार्सलांना बुरशी येते.” म्हटलं, “साहेब, किंचित दमट असेल.” “किंचित ओला म्हणजे ओलाच. वाळवून आणा.” म्हटलं, “साहेब, गाडी दुपारी सुटते, वर बर्फ पडायला लागलंय, एकदा घाट बंद झाला की पुढची गाडी कधी, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?” तर म्हणतात, “म्हणून तर सांगतोय, लवकर वाळवा!” बोला आता! आणि माझी लेक तिथं वर, त्या बर्फाच्या गावात, माझं जुनं जाकीट घालून फिरतेय, ज्याचं अस्तर केव्हाच गेलंय आणि ज्याच्या काखेतून पलीकडचं दिसतं. हा कोट आज गेला पाहिजे. बाकी माझं काही म्हणणं नाही.

काय म्हणालात काका? “एवढा गरम कोट घालून कुडकुडताय कसे?” झालं! हेच! जो तो उठतो आणि हेच विचारतो! गरम कोट… अहो, कोट कसा गरम असेल? आत काय निखारे भरलेत? कपडा गरम नसतो हो, माणूस गरम असतो! कपडा म्हणजे नुसता दाराशी बसलेला रखवालदार. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढीच त्याची नोकरी. आत ऊबच नसेल तर तो बिचारा राखणार काय, कपाळ? थर्मास कधी चहा तापवतो का? गरम ओतलात तर गरम ठेवतो, गार ओतलात तर गार ठेवतो! बर्फवाला लादीला गोणपाट गुंडाळतो ते काय लादीला थंडी वाजते म्हणून? तिचा गारवा जाऊ नये म्हणून! तसाच हा. ह्याच्यात पिसं आहेत, पिसांत हवा अडकलीय, आणि दुकानदार मला शपथेवर म्हणाला, हवेसारखा रखवालदार नाही. खरं असेल. फक्त ह्या घडीला तो माझा गारवा राखत बसलाय.

आणि हे कोण सांगतंय? मी! ज्याला अख्खं घर शेगडी म्हणायचं! हसू नका, खरंच म्हणायचं. लग्न ठरलं तेव्हा बायकोनं पहिल्यांदा हात हातात घेतला आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? “अहो, ताप आहे का तुम्हाला?” ताप नव्हता, मी तसाच होतो! थंडीत बाहेर उभा राहिलो की डोक्यावरून वाफ निघायची. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. फ्रेम गिऱ्हाइकाच्या कानावर नीट बसायला हवी तर काडी जरा वाकवावी लागते, त्यासाठी दुकानात गरम हवेचं यंत्र आहे, पण मी ते कधी लावलंच नाही. काडी मुठीत धरायची, गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांची चौकशी करायची, आणि चौकशी संपेपर्यंत काडी अशी मऊ, की म्हणाल तशी वळेल. लोक चष्मा घालायचे आणि म्हणायचे, “वा, कानाला कसा ऊबदार लागतोय!” मालक हळूच त्यांना सांगायचे, “फ्रेम भारी आहे.” फ्रेम! कपडा गरम नसतो तशी फ्रेमही गरम नसते हो, पण मालकापुढे कोण बोलणार.

तर ही शेगडी पेटली कशी, ते सांगतो. लेक लहान होती, शाळेत जायची. आमच्याकडे कोट दारामागच्या खिळ्यावर टांगतात, आणि त्या दाराखालून जो वारा येतो ना, तो थेट कोटात शिरून बसतो. सकाळी कोट उचलावा तर ओल्या मातीसारखा गार. पोरगी बाहीत हात घालीना. रडारड, आदळआपट, आईचा आरडाओरडा, शाळेची घंटा तिकडे वाजतेय… मी काय केलं, तो एवढासा कोट माझ्या छातीशी धरला, वरून माझं जाकीट ओढलं, बाह्यांमध्ये माझे पंजे कोंबले, आणि उभा राहिलो. थोड्या वेळानं काढून दिला. तिनं कॉलरमध्ये नाक खुपसलं, आणि म्हणाली, “झाला!” बस्स. एवढंच. “झाला!” आणि उड्या मारत शाळेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोट माझ्यापुढे. “बाबा, कर ना.” करायचा, द्यायचा, ती नाक खुपसणार, कधी “झाला” म्हणणार, कधी नाक वाकडं करून “अजून नाही झाला,” की मी पुन्हा छातीशी. शाळा संपली, कॉलेज आलं, कोट मोठे झाले, मी आत घुसून घालायला लागलो, पण रिवाज तो रिवाज.

आता घर म्हटलं की एकाचं बघून दुसरा. बायको म्हणाली, “अहो, पोरीचा करता, माझा स्वेटर काय परक्याचा आहे?” तिचा स्वेटर. मग सासूबाई. सासूबाई आमच्याकडेच असतात, आणि त्यांचे पाय… ते पाय कुठल्या देशातून आलेत देव जाणे. “जावईबापू, तुम्ही बसलाच आहात तर हे मोजे जरा काखेत धरा.” बसलाच आहात तर! मग त्यांची शाल. मग एकदा शेजारीणबाई खिडकीतून स्कार्फ आत टाकून म्हणाल्या, “भावजी, तुमचं चाललंच आहे तर…” म्हणजे रोज सकाळी तुम्ही आमच्या घरी आला असता तर काय दिसलं असतं? एक माणूस दाराशी खुर्चीत, अंगावर लेकीचा कोट, त्यावर बायकोचा स्वेटर, गळ्यात परक्या बाईचा स्कार्फ, दोन्ही काखांत मोजे, आणि चहा पाजायला बायको, कारण हात मोकळे नाहीत!

आणि सासूबाईंची अक्कल ऐका. मी तापवलेली शाल त्या अंगावर घ्यायच्याच नाहीत! पत्र्याच्या डब्यात घालायच्या, झाकण घट्ट लावायच्या, आणि म्हणायच्या, “दुपारी गारठा वाढतो, तेव्हा काढीन. तोवर ऊब मुरेल.” मुरेल! मी म्हटलं, “अहो सासूबाई, ऊब काही साठत नाही, कपडा गरम नसतो, माणूस गरम असतो, डब्यात तुम्ही नाही आहात, शाल आहे, ती गारच होणार.” तर म्हणतात, “तुम्ही फक्त तापवायचं काम करा, मुरवायचं मी बघते.” आणि दुपारी डबा उघडून गार शाल पांघरायच्या आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, “आज जावयानं मन लावून केलेली नाही.”

मी चिडायचो. रोज चिडायचो. पण तुम्हाला सांगतो, आवडायचंही. माणसाला काय हवं असतं? आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, एवढंच ना? माझ्यात दुसरा काही गुण नाही. गाता येत नाही, भांडता येत नाही, खिळा ठोकला तर भिंत पडते. पण सकाळी त्या खुर्चीत बसलो की मी राजा. सगळं घर माझ्यापुढे कपडे घेऊन उभं!

आणि मग एके दिवशी दुकानात एक मास्तरीणबाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक. मी नेहमीसारखी काडी मुठीत धरली, त्यांच्या मुलाची चौकशी केली, सुनेची केली, नातवाची केली, बाईंच्या घरातली माणसं संपली, काडी काही वळेना. म्हटलं, जाऊ दे, तसाच बसवून बघू. कानामागे बोट लावलं मात्र, बाई किंचाळून खुर्चीतून उभ्या! “अहो, काय लावलंत कानाला? बर्फ आहे का?” मालक आतून धावत आले. मी बोट बघतोय, मालक बोट बघतायत, बाई कान चोळतायत. त्या दिवशी मालकांनी कपाटावरून गरम हवेचं यंत्र काढलं, धूळ पुसली, आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर भला माणूस, बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण जुन्या शंभराच्या बल्बाइतकी उष्णता बाहेर पडते, असं त्यानं समजावून सांगितलं. “तुमचं वजन उतरलंय, वय वाढलंय, शरीर आता आतल्या अवयवांपुरती ऊब राखून ठेवतं, हातापायांना पाठवत नाही. घाबरायचं कारण नाही.” म्हटलं, “डॉक्टर, उपाय?” तर काय म्हणावं त्यानं? “गरम कपडे घालत जा.” अरे, तू सुद्धा? एवढा शिकलेला? आत्ता तर बल्ब म्हणालास! कपडा गरम नसतो हो डॉक्टर, माणूस गरम असतो, आणि तो माणूस तुमच्यापुढे बसलाय, त्याचं बघा काहीतरी! डॉक्टरनं पुढच्याला आत बोलावलं. घरी येऊन सांगितलं, शंभराचा बल्ब चाळिसावर आलाय. सासूबाईंनी माझ्या हाताला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, “चाळीस कुठला, झिरोचा.”

दुसऱ्या दिवशी घरात गरम पाण्याची पिशवी आली. लाल, रबरी, पोटावर खाचा असलेली. सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन असं काही कुरवाळलं की तसं त्यांनी सख्ख्या नातीलाही कुरवाळलं नव्हतं. बायकोनं तिच्यासाठी फुलाफुलांची खोळ शिवली! मला एवढ्या वर्षांत एक रुमाल शिवला नाही. शेजारीणबाईंचा स्कार्फ यायचा बंद झाला. मोजे गेले, शाल गेली, स्वेटर गेला. खुर्ची राहिली, आणि राहिला लेकीचा कोट. ती तेवढी रोज सकाळी यायची. “बाबा, कर ना.” मी आपला कोट चढवून बसायचो, हात चोळायचो, जागच्या जागी उड्या मारायचो, श्वास कॉलरमध्ये सोडायचो, आणि द्यायचो. ती नाक खुपसायची आणि म्हणायची, “झाला!” दर वेळी, पहिल्या फटक्यात. “अजून नाही” असं एकदा म्हणाली नाही. मला वाटलं, सगळं जग म्हणो काहीही, हिच्यापुरती तरी शेगडी पेटते आहे. थोडी धग आहे अजून. बापाचं मन, काय सांगायचं तुम्हाला.

मग तिला नोकरी लागली. वेधशाळेत! थेट वर, बर्फात! काम काय, तर ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, थर्मामीटर वाचायचं, आत येऊन कळवायचं, किती थंडी आहे. अगं, मला विचार की, मी घरबसल्या सांगतो किती थंडी आहे! पण पोरगी खूश, आई खूश, सासूबाईसुद्धा खूश. आणि तिच्यासाठी हा कोट घेतला. तिनं खास सांगून ठेवलं, “बाबा, जायच्या दिवशी तू शेवटचा करून दे. घाट चढेपर्यंत पुरेल असा कर.” आता सांगा, काय करायचं? झिरोच्या बल्बानं घाट चढेपर्यंत पुरेल एवढं काय करायचं?

जायची सकाळ. गाडीवाला खाली भोंगा मारतोय. ट्रंक दाराशी. बायको डोळे पुसतेय आणि पुसता पुसता मला सूचना देतेय. मी म्हटलं, “पाणी पिऊन येतो,” आणि स्वयंपाकघरात जाऊन ती पिशवी भरली. हो, तीच, ती लाल! चांगली काठोकाठ. बूच लावलं. शर्टाच्या आत, बनियनवर, पोटाशी धरली, वरून कोट चढवला, आणि आलो बाहेर. तुम्हाला सांगतो, काय ती धग! किती दिवसांनी छाती तापली! खुर्चीत बसलो, आणि कोटाच्या गळ्यातून ऊन ऊन वाफारा यायला लागला. बायको बघतच राहिली. सासूबाई पुढे आल्या, हात लावला, आणि ओरडल्या, “अगं, जावई पेटला! आपला जुना जावई परत आला!” सासूबाईंच्या तोंडून “आपला”! मला तर गहिवरून आलं. लेकही हसत होती, नाक खुपसायला पुढे वाकत होती… आणि मला काय अवदसा आठवली, म्हटलं, आता अंगात एवढी रग आलीच आहे तर ट्रंकसुद्धा मीच उचलतो!

वाकलो. पोटात काहीतरी “फक्” झालं. बूच!

अहो, काय सांगू… आधी पोट भाजलं, मग मांड्या, मग दोन्ही पायांतून धार. माझ्या अंगातून ढगच्या ढग निघतायत, जमिनीवर तळं साचतंय, मी ट्रंक धरून तसाच वाकलेला, आणि सगळं घर त्या तळ्याकडे बघतंय. सासूबाई हळहळून म्हणाल्या, “लेक चाललीय म्हणून एवढं? पुरुषाच्या जातीनं जरा आवरावं हो.” मी म्हटलं, “अहो, ते नाही हो ते, पिशवी आहे पिशवी!” आणि शर्टातून ती लाल, चपटी झालेली पिशवी ओढून काढली आणि पुरावा म्हणून सगळ्यांपुढे धरली. त्यापेक्षा सासूबाईंना जे वाटलं तेच वाटू दिलं असतं तर परवडलं असतं.

लेक हसली. पोट धरधरून हसली. मग हसता हसता रडायला लागली, आणि मग नुसतीच रडायला लागली. खाली गाडीवाला भोंगा सोडेना. कोट तर चिंब, पिसांचे लगदे झालेले. ओला कोट म्हणजे थंडीला घरी बोलावणं, पाणी अंगातली ऊब भराभर ओढून नेतं. तो घालून जाणार कशी? तिनं इकडेतिकडे बघितलं, दारामागे गेली, आणि खिळ्यावरचं माझं जाकीट काढलं. रात्रभर तिथं टांगलेलं, दाराखालचा वारा प्यालेलं. तिनं ते हातात घेतलं, कॉलरमध्ये नाक खुपसलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “झाला.”

आणि गेली.

मी आपला तळ्यात उभा. मला कळेना. म्हटलं, “अगं, ते तर गार होतं. ‘झाला’ कसं म्हणाली ही?” बायको फडकं घेऊन जमीन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “दोन हिवाळे तेच म्हणतेय ती. तुम्ही कोट द्यायचात तो खिळ्यावर असायचा त्याहून गार असायचा. रोज कुडकुडत जिना उतरायची. म्हणाली, बाबाला सांगायचं नाही.” ऐकलंत? पाव अंशाचा फरक ओळखणारी पोरगी, वेधशाळेनं हजारांतून निवडून नेलेली, ती रोज सकाळी माझ्या तोंडावर खोटं तापमान सांगत होती! म्हणजे मी पिशवी नसती लावली, नुसता कोट हातात दिला असता, तरी ती “झाला” म्हणून हसत गाडीत बसली असती, आणि आज हा कोट तिच्या अंगावर असता. मला फार वाईट वाटलं. लपवत नाही, तिथंच त्या ओल्या खुर्चीत बसून रडलो. तर सासूबाई म्हणाल्या, “आता पुसलंय, पुन्हा ओलं करू नका.”

मग हा कोट वाळवायचा. दोरीवर टाकला, तर धुकं. सकाळी बघतो तर कडक होऊन उभा, हाताला धरून आत आणला तर चालत येईल असा. चुलीशी धरला, तर बाही आखडायला लागली. इस्त्री लावली, तर कापड इस्त्रीला चिकटलं, हे बघा इथं, हा डाग. शेवटी बायको म्हणाली, “अंगावरच घालून हिंडा. माणसाच्या उबेनं वाळतो कपडा.” कुठला माणूस म्हणे? पण घातला. दुकानात घातला. गिऱ्हाइकं चष्मा काढून बघतात, लावून बघतात, नंबर बदलला की काय म्हणून. जेवताना घातला, झोपताना घातला. आणि रोज कॉलरला हात लावावा तर आपली ओलीच. काल लेकीचा फोन. “बाबा, इथं खोलीच्या भिंतीत गरम पाण्याचे नळ फिरवलेत, भिंतीतून ऊब येते!” बघा, तिकडे भिंतीसुद्धा कामाला लागल्यात. म्हटलं, “आणि थर्मामीटर वाचायला बाहेर जातेस तेव्हा?” तर म्हणते, “पळत जाते, पळत येते. आणि तुझं जाकीट आहे की, मस्त ऊब आहे त्यात.” खोटारडी! काखेत एवढं भोक आहे त्याच्या! कपडा गरम नसतो हो, माणूस गरम असतो, आणि तो माणूस इथं बाकावर बसलाय…

काय? माझा नंबर? आलो, आलो साहेब! घ्या, ही कॉलर, मी वाकतो, धरा बोटांत. नीट धरा. झाला ना? … नाही झाला? अहो, पुन्हा बघा! … “ओला आहे.” साहेब, तिकडे हमाल गाडीचं दार लावतायत हो…

काय म्हणता ताई? “बघू इकडे”? अहो नको, ओला आहे, सर्दी होईल तुम्हाला. तुमचं बरं आहे, मघापासून बघतोय, एवढ्या गारठ्यात स्वेटरची बटणं उघडी टाकून बसलाय, कपाळावर घाम, आमच्या घरी असतात तर सासूबाईंनी तुम्हाला डब्यात घालून ठेवलं असतं… बरं, घ्या बापडे, घालून बघा. … “कुठं ओला आहे?” असं काय म्हणता? … साहेब, जरा पुन्हा हात लावता का? हां, आता ताईंच्या अंगावर आहे तोच. … कोरडा? कोरडा ठणठणीत? अहो, आत्ता तर तुम्ही… काय? “गार कापड हाताला ओलंच लागतं”?

थांबा. म्हणजे कोट केव्हाच वाळला होता. परवाच वाळला असेल. ओला नव्हताच तो. गार होता. आणि गार तरी तो कुठला, आत मी होतो म्हणून…

बरं. असू दे. ताई, काढा, पटकन काढा, ऊब आहे तोवर! साहेब, बांधा लवकर, कागद दुहेरी लावा, कडा दाबून घ्या, वारा शिरेल… हसू नका! माहीत आहे मला, ऊब साठत नाही, मुरत नाही, पहिल्या वळणापर्यंत हा पुन्हा गारढोण होणार, मघापासून मीच तर सांगतोय तुम्हाला! पण तरी बांधा ना घट्ट. आणखी एक गाठ मारा. ती उघडल्या उघडल्या नाक खुपसणार आहे त्यात. … आत काय आहे? नुसता कोट लिहा. … “गरम कपडे” असा शिक्काच आहे? मारा. आता माझी काही तक्रार नाही.

चला, गेली गाडी, कोट घेऊन. … मी घरी कसा जाणार, ह्या शर्टावर? पळत. लेकीनं सांगितलंय, पळत जायचं, पळत यायचं. जरा दम खातो आणि… अरे, काका, तुम्ही माझ्या जागेवर बसलात? बसा, बसा, मी उभा राहतो. … काय झालं? असे दचकून उठलात का? बाक ओला आहे? नाही हो काका, कोरडा आहे. मी बसलो होतो तिथं.